एका पेटीतली चांदी आणि तेरा वसाहतींचा हिशेब

२७ फेब्रुवारी १७८७. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला बर्कशायर नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथलं स्टॉकब्रिज हे गाव. टोप्यांमध्ये हेमलॉक झाडाची हिरवी डहाळी खोचलेली शंभरेक माणसं गावात शिरली आणि पैसेवाल्यांची घरं धुंडाळायला लागली. त्यातलं एक घर वकील थिओडोर सेजविक यांचं. वकीलसाहेब बाहेरगावी होते. घर सांभाळत होती एलिझाबेथ फ्रीमन, चाळिशी ओलांडलेली काळी बाई. घरातली चांदीची भांडी तिने आधीच स्वतःच्या पेटीत दडवली होती. खोल्या धुंडाळत माणसं तिच्या पेटीपर्यंत पोचली. पुढची हकिकत सेजविक कुटुंबातल्यांनी सांगून ठेवली आहे. बाई कडाडली, की एरवी मला काळी म्हणून हिणवता, आणि आता माझ्याच पेटीत हात घालायला निघालात? माणसं वरमली आणि पेटी न उघडता निघून गेली.

या प्रसंगात कोण कोण आहे ते बघा. घरात घुसणाऱ्यांच्या गटात चार-पाच वर्षांपूर्वीच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले शिपाई होते, आता कर्जात बुडालेले. पेटीवाली बाई सहा वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होती आणि त्याच युद्धाच्या काळात लिहिलेल्या शब्दांच्या आधाराने कोर्टातून सुटली होती. चांदीचे मालक सेजविक यांनीच तिचा खटला लढवला होता, आणि तेच सेजविक या कर्जबाजारी शेतकऱ्यांचे कट्टर विरोधक होते. आणि हे गाव मुळात ज्यांचं, ते मोहिकन या मूळ जमातीचे लोक स्वातंत्र्यासाठी रक्त सांडूनही गाव सोडून निघाले होते.

शाळेत आणि पुढे स्पर्धा परीक्षांच्या वह्यांमध्ये ‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे परिणाम’ आपण तीन मथळ्यांखाली घोकलेले असतात: राजकीय, आर्थिक, सामाजिक. प्रत्येकी पाच मुद्दे, एकूण दहा गुण. परीक्षेपुरतं ते ठीक. पण स्टॉकब्रिजच्या त्या घरात हे तिन्ही मथळे एकाच पेटीभोवती उभे होते. म्हणून इथे मी ते कप्पे बाजूला ठेवतो आणि सरळ हिशेबाच्या वाटेने जातो: स्वातंत्र्याचा खर्च किती झाला, तो कुणाच्या नावावर पडला आणि जमा कुणाच्या खात्यात झाली.

युद्धाची कारणं थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १७६३ पर्यंत फ्रान्सशी लढून इंग्लंड कर्जबाजारी झालं. ते कर्ज फेडायला लंडनच्या पार्लमेंटने अमेरिकेतल्या वसाहतींवर कर बसवले. वसाहतींचं म्हणणं होतं, आमचा एकही माणूस पार्लमेंटात नाही, मग कर कसला? १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. तो चहा चीनचा, पण मालकी आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीची. १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर कंपनी डबघाईला आली होती आणि तिला वाचवण्यासाठीच तो चहा अमेरिकेच्या माथी मारला जात होता. १७७५ मध्ये गोळीबार सुरू झाला, ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला, १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसने शस्त्रं ठेवली आणि ३ सप्टेंबर १७८३ ला पॅरिसमध्ये तह झाला. इथे पुस्तकातला धडा संपतो. हिशेब मात्र इथूनच सुरू होतो.

नोटा, चिठ्ठ्या आणि एक तलवार

लढाईला पैसा लागतो, आणि ही लढाई तर कर नको म्हणूनच पेटलेली. मग लोकांवर नवा कर कुठल्या तोंडाने बसवणार? तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, सोपी वाट धरली: नोटा छापल्या. या नोटांना ‘कॉन्टिनेंटल’ म्हणत. १७७९ संपेपर्यंत त्या २० कोटी डॉलरच्या घरात गेल्या. त्यांच्यामागे सोनं नाही, चांदी नाही, फक्त पुढे कधीतरी पैसे देऊ हा शब्द. त्यात इंग्रजांनी खोट्या नोटा बाजारात सोडल्या. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच कबूल केलं की ४० कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक डॉलर. एखादी गोष्ट कवडीमोल असेल तर ‘कॉन्टिनेंटलच्याही मोलाची नाही’ असं तिकडे म्हणायला लागले.

आता पश्चिम मॅसॅच्युसेट्समधला एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. चाळीस-पन्नास एकर खडकाळ जमीन, दोन बैल, एक-दोन गाई. तो १७७७ मध्ये फौजेत भरती झाला. पगार महिना जेमतेम पावणेसात डॉलर, तोही याच नोटांत आणि तोही थकलेला. फौज मोडताना त्याच्या हातात रोख आली नाही, चिठ्ठी आली: सरकार तुमचं इतकं देणं लागतं. घरी परतला तर शेत बायकोने कसंबसं सांभाळलेलं. चिठ्ठीवर दुकानदार मीठसुद्धा देईना. शेवटी एका फिरत्या दलालाला ती चिठ्ठी त्याने रुपयाला चार आणे, कधी त्याहूनही कमी भावात विकून टाकली.

तिकडे बंदरावर वेगळंच चाललं होतं. तह होताच इंग्लंडहून कापड, भांडी, अवजारं यांची जहाजं भरभरून आली. सगळा माल उधारीवर. लंडनच्या पेढीने बोस्टनच्या व्यापाऱ्याला उधार दिलं, त्याने तालुक्याच्या दुकानदाराला, दुकानदाराने शेतकऱ्याला. पूर्वी ही उधारी फिटायची, कारण अमेरिकन जहाजं मासळी, लाकूड, धान्य घेऊन वेस्ट इंडीजच्या इंग्रजी बेटांवर जात आणि चांदी घेऊन येत. १७८३ मध्ये इंग्लंडने ती बंदरं अमेरिकन जहाजांना बंद केली. साम्राज्य सोडलंत ना, मग साम्राज्याचा बाजारही सुटला. चांदीचा ओघ आटला. लंडनने बोस्टनकडे रोख मागितली, बोस्टनने दुकानदाराची मान धरली आणि दुकानदार कोर्टात गेला.

याच वेळी राज्य सरकारने ठरवलं की युद्धकाळातले रोखे पूर्ण किमतीने आणि लवकरात लवकर फेडायचे. त्यासाठी जमिनीवर आणि डोईवर जबर कर बसवला, आणि तोही चांदीच्या नाण्यांत भरायचा. आता गंमत बघा, गंमत म्हणायची तर. ते रोखे होते कुणाकडे? पूर्वीच्या शिपायांकडून चार आण्यांत घेतलेल्या चिठ्ठ्या बोस्टनच्या पैसेवाल्यांकडे जमा झाल्या होत्या. म्हणजे आपल्या शेतकऱ्याने स्वतःच्याच पगाराची चिठ्ठी पडेल भावात विकली, आणि ती घेणाऱ्याला पूर्ण किंमत मिळावी म्हणून आता तोच चांदीत कर भरणार. इंग्रज राजाने लावलेल्या करापेक्षा हा जड होता. अमेरिकन क्रांतीचा आर्थिक परिणाम एका वाक्यात सांग असं मला कुणी म्हटलं, तर मी हेच वाक्य सांगेन.

गुरं जप्त झाली, जमिनी लिलावात गेल्या, कर्जासाठी माणसं तुरुंगात बसली. पेलहॅम गावचा डॅनियल शेज बंकर हिल आणि साराटोगाला लढलेला कॅप्टन. फ्रेंच सेनानी लाफाएतने त्याला मानाची तलवार दिली होती. देणी भागवायला त्याने ती विकली.

ऑगस्ट १७८६ मध्ये नॉर्थम्प्टन गावात शेकडो शेतकरी ढोल-बासरीच्या तालावर कवायत करत कोर्टावर आले. लूटमार केली नाही. फक्त न्यायाधीशांना आत बसू दिलं नाही. कोर्ट नाही तर निकाल नाही, निकाल नाही तर जप्ती नाही, इतकं सरळ गणित. वसाहतीच्या काळात इंग्रजी कोर्टं याच पद्धतीने बंद पाडली होती, तेव्हा तिला देशभक्ती म्हणत. आता बंडाळी म्हणाले, आणि शेजचं नाव त्या बंडाला चिकटलं. ते मोडायला राज्याच्या तिजोरीत पैसे नव्हते, म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफा डागल्या गेल्या आणि चार शेतकरी मेले. बाकीचे बर्फातून पांगले. त्यातलीच एक पळापळीतली तुकडी महिनाभराने आपल्या स्टॉकब्रिजला आली होती.

भीतीतून आलेलं संविधान

गावपातळीवरच्या या बंडाने अख्ख्या देशाची घडी का बदलावी? कारण देश म्हणावा असं तेव्हा फारसं काही नव्हतंच. तेरा राज्यांचा सैलसर संघ होता. त्याच्या काँग्रेसला एक पैसाही कर लावायचा अधिकार नव्हता, ती राज्यांकडे फक्त वर्गणी मागू शकत होती. नियम बदलायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. १७८१ मध्ये आयात मालावर ५ टक्के जकात लावून युद्धाचं कर्ज फेडू असा प्रस्ताव आला, तेव्हा १७८२ मध्ये सगळ्यांत छोट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि तो प्रस्ताव तिथेच अडला.

शेजच्या बंडाने जमीनदार, व्यापारी, वकील हादरले. माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर निवृत्त होऊन बसलेले वॉशिंग्टनही अस्वस्थ झाले. एकटे जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफरसन निवांत होते, पण ते तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि त्यांच्या दारात कुणी डहाळी खोचून आलं नव्हतं. स्टॉकब्रिजच्या घटनेच्या पाचच दिवस आधी त्यांनी आपले सहकारी जॉन अ‍ॅडम्स यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सना लिहिलं की अधूनमधून छोटंसं बंड झालेलं मला आवडतं, हवेत वादळ यावं तसं ते असतं.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी जमले. भर उन्हाळ्यात बंद दाराआड चर्चा केली आणि १७ सप्टेंबरला संविधानावर सह्या झाल्या. शेजची गोष्ट डोक्यात ठेवून त्यातली कलमं वाचली की ती वेगळीच दिसतात. केंद्राला कर लावण्याचा हक्क. फौज ठेवण्याचा हक्क. बंडाळी मोडण्याचा हक्क. राज्यांनी कागदी पैसा काढायचा नाही. कर्ज-करार सैल करणारे कायदे करायचे नाहीत. ही शेवटची दोन बंधनं तर सरळ कर्जदाराच्या दाराला घातलेली कडी आहे.

तरीही हे संविधान म्हणजे निव्वळ सावकारांचा डाव होता असं म्हणणं मला पटत नाही. राजा नाही, जन्मजात पदव्या नाहीत, राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी, आणि हे सगळं कागदावर लिहून त्याला मंजुरी द्यायला लोकांनी निवडलेल्या खास सभा. त्या काळच्या जगात ही गोष्ट अचाट होती. आपल्या राज्यघटनेची सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी होते, ती शब्दांची ठेवण तिकडचीच. विरोधकांनीही गप्प बसून सह्या होऊ दिल्या नाहीत. हक्कांची हमी लिहून द्या म्हणून हट्ट धरला, आणि १७९१ मध्ये भाषण, धर्म, सभा यांच्या स्वातंत्र्याच्या दहा दुरुस्त्या संविधानाला जोडल्या गेल्या.

राज्याराज्यांतही जुनी मुळं उखडली. व्हर्जिनियात इस्टेट पिढ्यानपिढ्या अखंड ठेवण्याची आणि ती थोरल्या मुलालाच देण्याची चाल कायद्याने गेली. तिथेच १७८६ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि कुठल्याही चर्चसाठी सक्तीचा पैसा देणं थांबलं. मॅसॅच्युसेट्सने मात्र चर्चचा कर १८३३ पर्यंत चालू ठेवला. मतदानासाठी मालमत्तेची अट बऱ्याच ठिकाणी सैल झाली आणि विधिमंडळांत पूर्वी कधी न दिसलेले साधे शेतकरी येऊन बसायला लागले. मोठ्या घरच्यांना ते रुचलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्या चिठ्ठ्यांचं काय झालं? १७९० मध्ये पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी मांडलं की केंद्राने सगळं युद्धकर्ज पूर्ण किमतीने मान्य करायचं, राज्यांचंही आपल्या अंगावर घ्यायचं. जेम्स मॅडिसन यांनी मध्येच सुचवलं की मूळ शिपायालाही त्यातला काही वाटा द्या. ते मत ३६ विरुद्ध १३ ने पडलं. हॅमिल्टनचा हिशेब थंड डोक्याचा होता: श्रीमंतांचा पैसा सरकारात अडकला की ते सरकार टिकावं म्हणून झटतील. तो खरा ठरला. अमेरिकेची पत युरोपात उभी राहिली, बँक निघाली, कर्ज मिळायला लागलं. ज्यांनी त्या रोख्यांत हात ओले केले त्यांत अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सही होत्या. हो, त्याच अ‍ॅबिगेल. ३१ मार्च १७७६ ला नवऱ्याला ‘नव्या कायद्यांत बायकांना विसरू नका’ असं लिहिणाऱ्या. कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची, पण जॉन अ‍ॅडम्स यांना जमीन घ्यायची हौस आणि अ‍ॅबिगेलना रोखे कळत. तिने रोखे घेतले आणि कमावलंही. बायकांना मात्र नवे कायदे विसरलेच. अपवाद एकट्या न्यू जर्सीचा. तिथे १७७६ च्या घटनेत ‘सर्व रहिवासी’ असा शब्द पडला होता, त्यामुळे ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या विधवा आणि अविवाहित बायका मत देत. १८०७ मध्ये ती फटही बुजवली.

बेटचा खटला

आता पेटीवाल्या बाईकडे. तिचं आधीचं नाव नुसतं बेट. शेफील्ड गावचे कर्नल जॉन अ‍ॅशली यांच्या घरात ती गुलाम होती. जानेवारी १७७३ मध्ये त्याच घराच्या माडीवर गावची प्रतिष्ठित मंडळी जमली आणि इंग्रजांविरुद्ध ठराव लिहिला, की माणसं निसर्गतः समान, मुक्त आणि स्वतंत्र असतात. तरुण वकील सेजविक त्या मंडळींत होते. बेट त्याच घरात राबत होती. कान तिलाही होते.

एके दिवशी मालकीणबाईंनी घरातल्याच दुसऱ्या गुलाम मुलीवर चुलीतलं तापलेलं फावडं उगारलं. बेटने मध्ये हात घातला आणि वार स्वतःच्या दंडावर घेतला. जखमेचा व्रण जन्मभर राहिला. तो ती झाकत नसे. मालकीणबाईंच्या देखत कुणी विचारलं की काय झालं हाताला, तर ती म्हणे, ‘बाईसाहेबांनाच विचारा.’

१७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सची घटना आली. पहिल्याच कलमात लिहिलं होतं की सर्व माणसं जन्मतः मुक्त आणि समान आहेत. बेटने सेजविकांना गाठलं आणि विचारलं, हे कलम मला लागू होत नाही का? ब्रॉम नावाच्या आणखी एका गुलामासह खटला उभा राहिला. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीने दोघांना मुक्त ठरवलं आणि वर ३० शिलिंग भरपाई देवविली. तिने नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन. अ‍ॅशली म्हणाले, पगार देतो, परत ये. ती गेली नाही. सेजविकांच्या घरी पगारावर राहिली. दोन वर्षांनी, १७८३ मध्ये, क्वॉक वॉकर नावाच्या माणसाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली, आणि १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांच्या रकान्यात शून्य लिहिलं गेलं.

क्रांतीचे शब्द ज्यांनी लिहिले त्यांच्या मनात बेट नव्हती. शब्द मात्र तिच्या हाती लागले. क्रांतीचा सामाजिक परिणाम म्हणजे मला तरी प्रामुख्याने हे वाटतं. व्हर्मांटने १७७७ मध्येच प्रौढांची गुलामी घटनेतून हद्दपार केली. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये कायदा केला, पण सावध: यापुढे जन्मणारी मुलं वयाच्या २८ व्या वर्षी मुक्त.

दक्षिणेत उलटं झालं. तिथली तंबाखू-तांदळाची शेती गुलामांवर उभी, आणि संविधान करताना दक्षिणेला सोबत ठेवायचं होतं. म्हणून तडजोडी झाल्या. प्रतिनिधी मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. म्हणजे गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यामुळे मालकाच्या राज्याची ताकद वाढणार. पळालेला गुलाम परत करायचा. गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी आणायची नाही. १७९० मध्ये ३९ लाखांच्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचं यंत्र आणलं, कापूस सोन्याच्या भावाने पिकायला लागला, आणि १८६० पर्यंत हा आकडा ४० लाखांच्या जवळ गेला. म्हणजे तेरापैकी अर्ध्या देशात क्रांतीने बेड्या तोडल्या, अर्ध्यात त्यांना कायद्याचं कुलूप लावलं.

गुलामांनी कुठली बाजू घ्यायची हे त्यांनीही पारखून बघितलं. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने जाहीर केलं की बंडखोरांचे गुलाम आमच्याकडून लढले तर मुक्त. हजारो पळाले. १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून इंग्रज जहाजं निघाली तेव्हा सुमारे ३,००० काळ्या माणसांची नावं एका वहीत नोंदवली गेली. त्यांत हॅरी वॉशिंग्टन होता, खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मळ्यावरून पळालेला. तो नोव्हा स्कोशियाला गेला आणि १७९२ मध्ये तिथून निघालेल्या सुमारे १,२०० जणांबरोबर आफ्रिकेत सिएरा लिओनला पोचला. राजाशी निष्ठा ठेवणारे एकूण ६०,००० च्या आसपास लोक देश सोडून गेले, अनेकांच्या इस्टेटी जप्त झाल्या. आजचा इंग्रजी भाषिक कॅनडा बऱ्याच अंशी त्यांनीच वसवला.

गाव कुणाचं?

स्टॉकब्रिज मुळात मोहिकन लोकांसाठी वसवलेलं गाव. १७३० च्या दशकात मिशनऱ्यांनी तिथे त्यांची वस्ती उभी केली, शेजारी मोजकी इंग्रज कुटुंबं ठेवली. युद्ध सुरू होईपर्यंत बरीचशी जमीन कर्ज आणि खरेदीखतांच्या वाटेने गोऱ्यांकडे गेली होती. तरी १७७५ मध्ये मोहिकन तरुण वसाहतींच्या बाजूने लढायला निघाले. ३१ ऑगस्ट १७७८ ला न्यूयॉर्कजवळ किंग्जब्रिजला इंग्रज घोडदळाने त्यांना घेरलं. त्यांच्यासोबतचे वॅपिंजर जमातीचे सरदार डॅनियल निमहॅम आणि त्यांचा मुलगा अब्राहम दोघेही तिथे पडले. छोट्याशा जमातीतली कर्ती माणसं एका दुपारी संपली.

युद्धानंतरच्या दोन-चार वर्षांत उरलेले लोक गाव सोडून न्यूयॉर्क राज्यात ओनायडा लोकांनी दिलेल्या जमिनीवर गेले. पुढे तिथूनही हलवले गेले, थेट विस्कॉन्सिनला. आजही ते तिथेच आहेत. सेजविक यांनी स्टॉकब्रिजला आपला मोठा वाडा बांधला १७८५ मध्ये.

जिंकलेल्या बाजूने लढलेल्यांची ही गत. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या इरोक्वॉय जमातींची ४० च्या वर गावं १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमाने जाळली, उभ्या मक्यासकट. पॅरिसच्या तहात मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला गेला. ज्यांचा तो मुलूख, त्यांच्यातलं तहाला कुणी नव्हतं. इंग्रजांनी १७६३ मध्ये अ‍ॅपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला मनाई केली होती. ती मनाई उठली, आणि कर्जाने गांजलेला तो खडकाळ जमिनीचा शेतकरी बैलगाडी जुंपून पश्चिमेला निघाला. त्याचा प्रश्न असा सुटला.

लंडन, पॅरिस, पुणे

समुद्रापलीकडचे परिणाम भराभर बघू. इंग्लंडचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं. कैदी धाडायला अमेरिका उरली नाही, म्हणून १७८८ मध्ये पहिली जहाजं ऑस्ट्रेलियाला पोचली. व्यापार मात्र काही वर्षांतच पूर्वीसारखा झाला. शिवाय वसाहत सांभाळायचा खर्च वाचला. अमेरिकन व्यापाऱ्यांनी नवे बाजार शोधले: फेब्रुवारी १७८४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज न्यूयॉर्कहून जिन्सेंगची मुळं भरून चीनला गेलं आणि चहा घेऊन परतलं. ज्या चहावरून सगळं पेटलं तो आता स्वतःच्या जहाजातून आला. फ्रान्सने इंग्रजांची खोड मोडायला शंभर कोटी लिव्रांहून (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) जास्त पैसा ओतला, बहुतेक कर्जाऊ. ते व्याज राजाला गिळून बसलं. १७८९ मध्ये पैशासाठी सभा बोलवावी लागली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बॅस्टिलच्या तुरुंगाची किल्ली लाफाएतने वॉशिंग्टनना भेट पाठवली. ती अजून माउंट व्हर्ननला भिंतीवर आहे.

आणि पुणे. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस चौलला उतरून पुणे दरबारी आला. नाना फडणविसांनी त्याचं चांगलं आदरातिथ्य केलं, आणि त्याची बातमी इंग्रजांच्या कानी जाईल अशी व्यवस्थाही झाली. अमेरिकेत फ्रान्स इंग्रजांविरुद्ध उतरणार हे दिसत होतं, तेव्हा पुण्यात फ्रेंच माणूस दिसणं म्हणजे कोलकात्यात झोप उडणं. साराटोगाला इंग्रज फौज हरल्याची बातमी आल्यावर वॉरन हेस्टिंग्जने लिहिलं, की पश्चिमेत आपल्याला एवढा फटका बसला असेल तर पूर्वेत ते नुकसान भरून काढणं आपलं काम आहे. याच सुमारास उत्तरेतूनही फौज मराठी मुलखावर निघाली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांनी मार खाल्ला, पण लढाई लांबत गेली. अमेरिका, फ्रान्स, स्पेन, हैदर आणि मराठे एवढं सगळं एका वेळी झेपेना, तेव्हा मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणासमोर टिपूविरुद्ध तो हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेसोबत उभा होता, आणि १७९३ मध्ये त्याने बंगालच्या शेतकऱ्याच्या मानेवर कायमधारा बसवला.

स्टॉकब्रिजच्या माणसांचं पुढे काय झालं तेवढं सांगून थांबतो. बंडवाल्यांपैकी दोघांना फाशी झाली, बहुतेकांना माफी मिळाली. ज्या गव्हर्नरने फौज धाडली तो त्याच वर्षीची निवडणूक हरला. डॅनियल शेज न्यूयॉर्कला निघून गेला आणि म्हातारपणी, १८१८ मध्ये, त्याच सरकारकडून त्याला युद्धातल्या नोकरीचं पेन्शन सुरू झालं. सेजविक काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले.

एलिझाबेथ फ्रीमनने पगारातून पैसे साठवून स्टॉकब्रिजला स्वतःचं घर आणि थोडी जमीन घेतली. लिहिता येत नसल्याने मृत्युपत्रावर तिने फुलीची खूण केली. १८२९ च्या डिसेंबरात ती गेली आणि सेजविक घराण्याच्या दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली. तिचं एक छोटं चित्र बोस्टनमध्ये जपून ठेवलं आहे, हस्तिदंतावर १८११ मध्ये काढलेलं. निळा झगा, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ. माळ तिची स्वतःची.